लांब पल्ल्याची गाडी धरताना: पगारावर, उक्त्यावर की हप्त्यावर?

लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, पहिल्यांदा निघणाऱ्या मुलाला गिअर कसा टाकायचा आणि घाटात काय करायचं हे सांगायला चार जण तयार असतात. गाडी कोणत्या बोलीवर, म्हणजे पैशाच्या कोणत्या करारावर धरायची, हे मात्र फारसं कुणी समजावत नाही. उत्तम गाडी चालवणारेही बोली चुकल्यामुळे वर्षानुवर्षं अडकून पडतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: पहिली दोन वर्षं पगारावर चालवा. त्या दोन वर्षांत दर फेरीचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहा. उक्त्यावर (फेरीमागे ठोक रकमेवर) जायचं की हप्त्यावर स्वतःची गाडी घ्यायची, हे ती वही समोर ठेवून ठरवा. त्याआधी नको.

लायसन्स

अठराव्या वर्षी मोटारीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स काढता येतं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन याच लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. याचा फायदा घ्या. वर्षभर टाटा ४०७ किंवा आयशरचा लहान ट्रक जिल्ह्यात चालवला की माल भरणं, ताडपत्री बांधणं, अरुंद गाळ्यात गाडी मागे घेणं हे सगळं कमी धोक्यात हाताखाली येतं.

मोठ्या गाडीच्या लायसन्ससाठी वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही लायसन्सला किमान एक वर्ष झालेलं हवं. अर्ज सारथी पोर्टलवर करायचा. सोबत डॉक्टरच्या सहीचं फॉर्म १-ए आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली आहे, तेव्हा दाखल्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी चाचणी देता येते, आणि ते ६ महिने चालतं. पक्कं लायसन्स ५ वर्षांचं असतं.

फॉर्म ५ पैसे देऊन घरबसल्या मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तसं घेऊ नका. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी ब्रेकला किती वेगळी वागते, हे रिकाम्या मैदानातल्या दहा मिनिटांत कळत नाही. पुण्यात कासारवाडीच्या नाशिक फाट्याजवळ चालक प्रशिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणी चार पैसे जास्त गेले तरी शिका. पुढे गॅस, पेट्रोल किंवा रसायनाचा टँकर चालवायचा असेल तर धोकादायक मालाचं ३ दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. त्या लायसन्सची मुदत ३ वर्षांची असते.

गाडी ओळखायला शिका

बहुतेक गाड्यांच्या मॉडेलच्या आकड्यातच अर्धी माहिती असते. टाटा ३११८ म्हणजे एकूण वजन सुमारे ३१ टन आणि ताकद सुमारे १८० अश्वशक्ती. सिग्ना ५५३० म्हणजे ५५ टनी ट्रेलर ओढणारा घोडा (पुढचा इंजिन-केबिनचा भाग), ३०० अश्वशक्तीचा. पहिले दोन आकडे वजनाचे, शेवटचे दोन दहाने गुणून ताकदीचे.

२०१८ मध्ये ॲक्सलची वजनमर्यादा वाढली. पुढच्या ॲक्सलला ७ टन, मागे चार टायरचा एकच ॲक्सल असेल तर ११.५ टन, आणि मागे आठ टायरचे दोन ॲक्सल असतील तर त्या दोघांना मिळून २१ टन. म्हणून सहा टायरची गाडी १८.५ टनांवर थांबते आणि दहा टायरची २८ टनांवर. हे वजन गाडीसकट आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, ते वजा करा. २८,००० मधून ९,५०० गेले तर १८,५०० किलो माल, त्यापुढे एक पोतंही नाही.

ओव्हरलोडचा दंड कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. चार टन जास्त म्हणजे २८,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. मालक म्हणेल, "मी बघतो." रस्त्यावर तो नसतो, तुम्ही असता. आणि दंड चुकला तरी कमानपाटे, टायर आणि ब्रेक लायनर त्या चार टनांची किंमत वसूल करतातच.

पहिली नोकरी कुठे आणि कोणत्या मालावर

भिवंडीची गोदामं, कळंबोलीचा लोखंड बाजार, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, चाकण, नागपूरची वाडी, न्हावा शेवा बंदराचा पट्टा, या ठिकाणी ड्रायव्हरची मागणी कायम असते. पूर्वी क्लीनर म्हणून दोन-तीन वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढली की गाडी मिळायची. २०१८ पर्यंत नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हरची सक्ती होती, ती गेली. आता क्लीनरही न देणारे मालक पुष्कळ आहेत. म्हणून नोकरी बघताना पहिला प्रश्न हाच विचारा: पहिले सहा महिने जोडीला अनुभवी ड्रायव्हर देणार का? नाही म्हणत असतील तर दुसरीकडे बघा, पगार थोडा जास्त असला तरी.

नवख्याला सगळ्यात बरं काम म्हणजे कुरिअर किंवा कारखान्याच्या मालाचा ३२ फुटी बंद कंटेनर. माल हलका, ताडपत्री नाही, रस्ता ठरलेला. ठरावीक ठिकाणी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे देऊन परतायची रिले पद्धत असेल तर आणखी चांगलं, कारण त्यात घर दिसतं.

काही माल पहिल्या वर्षी हातात घेऊच नका. लोखंडाची कॉइल साखळीने नीट आवळलेली नसेल आणि तिच्याखाली पाचर नसेल तर जोराच्या ब्रेकला ती पुढे गडगडत केबिनमध्ये येते. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये द्रव मागे-पुढे हेलकावतो. गाडी थांबली असं वाटतं आणि तो लोट पुन्हा पुढे ढकलतो. वळणावर तोच लोट गाडी आडवी करतो. अवाढव्य यंत्रांची ओडीसी (ठरलेल्या मापाबाहेरची) वाहतूक आणि खाणीतले टिपर हेही नंतर. लासलगाव, पिंपळगावचा कांदा किंवा रावेरची केळी चालवायची असतील तर एवढं लक्षात ठेवा: घट्ट ताडपत्रीखाली कांदा घामेजतो आणि सडतो. त्याला हवा खेळती लागते, नुसतं जाळं आणि पावसापुरती ताडपत्री.

निघण्याआधीची वीस मिनिटं

ऑइल, कूलंट, दिवे, काचा हे कुणीही बघतं. हवेचा ब्रेक मात्र बरेच जण नुसता दाबून सोडतात. तो असा तपासा. गाडी सपाटीवर उभी करून चाकाखाली ठोकळे लावा. इंजिन चालू करून हवेचा काटा ७ ते ८ बारवर येऊ द्या. इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा आणि पायाचा ब्रेक दाबून धरा. मिनिटभर काट्यावरून नजर हटवू नका. दाबताना तो थोडा उतरेल, मग जागेवर राहिला पाहिजे. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. क्लीनरला चाकाजवळ कान देऊन उभं करा, फुसफुस ऐकू येते. ब्रेक चेंबरचं डायफ्रॅम किंवा एखादा पाइप असतो. मग ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवा. काटा ५ बारच्या आसपास आला की दिवा लागून बझर वाजला पाहिजे. बझर तोडून ठेवलेली गाडी रस्त्यावर नेऊ नका, कुणीही सांगितलं तरी.

हवेच्या टाकीच्या तळाशी ड्रेन व्हॉल्व्ह असतो. तो ओढून पाणी काढून टाका. पावसाळ्यात हे रोजचं काम. ते पाणी ओळीत शिरलं की व्हॉल्व्ह गंजतात आणि ब्रेक उशिरा लागतो.

टायर गार असताना हवा मोजा. बहुतेक मोठ्या टायरना ११० ते १२५ पीएसआय लागते. टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो तो जास्तीत जास्त आकडा. जोडटायरमधला आतला टायर बसलेला बाहेरून दिसत नाही. टॉमीने (लोखंडी कांबीने) दोन्ही टायर ठोका: भरलेला टणक वाजतो आणि टॉमी उसळते, बसलेला थबथब वाजतो. दोन टायरच्या मधे अडकलेला दगड काढा. तो एकतर टायर कापतो किंवा वेगात सुटून मागच्या गाडीची काच फोडतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना डिझेलसोबत डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण लागतं. साधारण १०० लिटर डिझेलमागे ५ लिटर धरा. ते संपलं की गाडी मुद्दाम ताकद कमी करते आणि भरल्या गाडीने चढ चढत नाही. पाणी किंवा शेताचा युरिया विरघळवून ओतणारे भेटतील. त्याने डोझिंगचा पंप आणि नोझल जातं, आणि तो खर्च एका पगारापेक्षा मोठा असतो.

घाट

कसारा, खंडाळा, खंबाटकी, पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. इथे ब्रेक "फेल" झाला असं म्हणतात, पण बहुतेक वेळा तो जाळलेला असतो. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनची पकड सुटते आणि पंचवीस-तीस टनांचं सगळं ओझं ब्रेकच्या ड्रमवर येतं. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातो आणि तापलेल्या लायनरची पकडही उरत नाही. पाय तळापर्यंत जातो, हवेचा काटा ठीक दाखवतो, आणि गाडी थांबत नाही.

न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं, हा समजही चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल जळत राहतं.

उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच, तो घाट ज्या गिअरमध्ये चढला असता तो गिअर टाका. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावा. वेग ठरवा, समजा ३०. वेग ३५ झाला की ब्रेक ठाम दाबून २५ वर आणा आणि पाय पूर्ण सोडा, म्हणजे ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो. ब्रेकवर पाय टेकवून ठेवत उतरणं सगळ्यात वाईट. उताराच्या मधे गिअर बदलू नका. एकदा निघालेला गिअर वेगात परत बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. जळका वास आला, तर पुढच्या रुंद जागेत थांबा आणि अर्धा तास द्या. ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

कागद आणि माल

गाडीचे कागद म्हणजे आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट आणि टॅक्स. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. मुदत संपलेली गाडी ताब्यात घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी तिथूनच वाद सुरू करते. नॅशनल परमिटवर दुसऱ्या राज्यात माल नेता येतो आणि तिथून आणता येतो, पण त्याच परराज्यातल्या दोन गावांमध्ये माल वाहता येत नाही. सुरतेत भरून अहमदाबादेत खाली करायला लावणारा दलाल भेटला तर महाराष्ट्राच्या गाडीने नाही म्हणा.

मालाचे कागद म्हणजे बिल, एलआर (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) आणि ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना). ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं; महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. त्यावरचा गाडीचा नंबर स्वतः वाचा. एक अंक चुकला तरी गाडी अडकते. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे १,४०० किलोमीटरला ७ दिवस. गाडी बंद पडून मुदत संपत आली तर ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवता येते, म्हणून ऑफिसला वेळेत फोन करा. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा नंबर चढवल्याशिवाय ती गाडी हलवू नका.

भरताना नग स्वतः मोजा. बंद कंटेनरच्या सीलचा नंबर एलआरवर लिहून घ्या आणि सीलचा फोटो काढा. रिकाम्या आणि भरल्या गाडीच्या काट्याच्या पावत्या जपून ठेवा. जड माल पुढच्या भिंतीपासून सुरू करून ॲक्सलच्या वर येईल असा लावा. सगळं मागे लोटलं तर स्टिअरिंग हलकं पडतं आणि पावसात पुढची चाकं पकड सोडतात.

कारखान्याच्या गेटवर पोहोचलात की पहिलं काम: एलआरवर तारीख, वेळ आणि गेटचा शिक्का. वॉचमन टाळाटाळ करतो, तेव्हा गेटचा बोर्ड दिसेल असा फोटो काढून त्याच मिनिटाला ऑफिसला पाठवा. गाडी दोन दिवस उभी राहिली तर हॉल्टिंगचे पैसे याच शिक्क्यावर मिळतात. शिक्का नाही तर पैसे नाहीत. माल खाली झाल्यावर पोच घेताना तिच्यावर शेरा वाचा. "दोन नग कमी" असं कुणी नंतर लिहू नये म्हणून सही-शिक्क्यानंतर लगेच फोटो काढा. हमाली आणि वाराई कोण देणार हे भरतानाच विचारून घ्या, खाली करताना विचारलं की ती ड्रायव्हरच्या खिशातून जाते.

झोप

कायद्यात कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ धरलेत. लाइनवर हे किती पाळलं जातं, ते सगळे जाणतात. पण एक गोष्ट स्वतःच्या हातात आहे: पहाटे २ ते ५ गाडी उभी. या वेळात शरीर झोपेतच असतं, डोळे उघडे असले तरी. चहा, गुटखा, खिडकीतला वारा यांनी दहा मिनिटं मिळतात. मागचे पाच किलोमीटर आठवत नसतील, तर झोप आधीच येऊन गेली आहे. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर हे लवकर होतं, कारण हाताला काम उरत नाही. दोन तासांनी उतरा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. टायरही बघून होतात.

थांबायचं ते पंपावर, ढाब्याच्या आवारात किंवा ट्रक टर्मिनसमध्ये. हायवेच्या कडेला कधीच नाही. रात्री उभ्या ट्रकवर मागून मोटार आदळून माणसं जातात. बिघाडाने थांबावंच लागलं तर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे ठेवा आणि मागच्या लाल पट्ट्या फडक्याने पुसून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

अपघात झालाच, तर जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची सक्ती कायदा करत नाही. मात्र तिथून थेट जवळचं पोलिस ठाणं गाठा आणि जाता जाता ११२ ला फोन करा. गाव सोडून पळालात तर प्रकरण कितीतरी जड होतं.

आता बोली

पगारी ड्रायव्हरला महिन्याचा पगार आणि वर रोजची खुराकी (जेवणखर्च) मिळते, किंवा किलोमीटरवर पैसे मिळतात. किलोमीटरवर असाल तर गाडी उभी असतानाचे पैसे वेगळे ठरवा, नाहीतर भिवंडीत तीन दिवस लाइनमध्ये फुकट बसाल. पगाराची तारीख कोणती, पंक्चर आणि पार्किंग कुणाकडे, चलान कुणाच्या चुकीचं कुणी भरायचं, माल कमी निघाला तर कापणार का, पीएफ आहे का, किती दिवसांनी घरी सोडणार, हे सगळं आधी विचारा. लेखी पत्र देत नसतील तर बोलणं झाल्यावर हेच मुद्दे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि मालकाचं "ठीक आहे" येऊ द्या. मूळ लायसन्स, कोरा चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर कुणाकडेही ठेवू नका.

ॲव्हरेजवरून, म्हणजे गाडी लिटरमागे किती किलोमीटर देते यावरून, सगळ्यात जास्त भांडणं होतात. मालक ४ मागतो, गाडी ३.६ देते आणि फरक पगारातून जातो. म्हणून पहिल्या तीन फेऱ्या टाकी फुल ते टाकी फुल मोजा, भरलेली आणि रिकामी वेगळी, आणि त्यावर आकडा ठरवा.

उक्त्याची बोली अशी: फेरीसाठी एक ठोक रक्कम, त्यात सगळा खर्च ड्रायव्हरचा, उरेल ते त्याचं. आकडे मांडून बघू. हे नमुन्याचे आहेत, तुमच्या वहीतले घाला. चाकण ते बेंगळुरू आणि परत, १,७०० किलोमीटर. मालक ६५,००० देतो. ॲव्हरेज ४ धरलं तर ४२५ लिटर, ९० रुपयांनी ३८,२५०. टोल १३,०००. डीईएफ १,३००. सात दिवसांची खुराकी ४,२००. पंक्चर, पार्किंग, किरकोळ २,५००. एकूण ५९,२५०, हातात ५,७५०. आता ॲव्हरेज ३.५ पडू द्या. डिझेल ४८६ लिटर, म्हणजे सुमारे ४३,७०० रुपये. हातात उरले ३०० च्या आसपास. आठवड्याची मेहनत अर्ध्या किलोमीटरच्या ॲव्हरेजने खाल्ली.

उक्त्यावरचा ड्रायव्हर घाटात न्यूट्रल का करतो आणि रात्रभर का हाकतो, ते या हिशेबात आहे. बोलीच त्याला तिकडे ढकलते. नवख्याचं ॲव्हरेज पहिलं वर्ष कमीच पडतं, म्हणून नवख्याने उक्त्यावर जाऊ नये. पुढे कधी गेलात तरी हॉल्टिंगचे पैसे आणि मोठी दुरुस्ती ठोक रकमेच्या बाहेर ठेवा.

हप्त्यावर स्वतःची गाडी घेऊन ट्रान्सपोर्टकडे ॲटॅच करणं हे बहुतेकांचं स्वप्न असतं, आणि ते वाईट नाही. पण आधी महिन्याचा बांधलेला खर्च काढा. समजा हप्ता ६५,००० आणि विमा, परमिट, टॅक्स, फिटनेस मिळून वर्षाला १,८०,०००, म्हणजे महिन्याला १५,०००. चाक न फिरवता ८०,००० रुपये. महिन्याला चार फेऱ्या झाल्या तर प्रत्येकीवर २०,००० चा भार, तीनच झाल्या तर २६,६६७. प्रत्येक टोकाला दोन दिवस गाडी खोळंबली की चौथी फेरी जाते. आधी सांगितलेल्या गेटच्या शिक्क्याची किंमत इथे कळते.

टायरचा खर्च महिन्याला दिसत नाही म्हणून तो विसरला जातो. दहा टायर २२,००० प्रमाणे २,२०,०००. ते ८०,००० किलोमीटर चालले तर किलोमीटरला २.७५ रुपये, बेंगळुरूच्या एका फेरीला ४,६७५. हे पैसे दर फेरीला वेगळ्या खात्यात टाका. न टाकणारा वर्ष-दीड वर्षाने टायरसाठी दुसरं कर्ज काढतो, आणि तिथून गाडी हातातून सुटायला लागते. टायरचं खातं सोडून आणखी तीन हप्त्यांचे पैसे हातात असल्याशिवाय गाडी बुक करू नका.

फायनान्सवाला "८ टक्के" म्हणाला तर विचारा, फ्लॅट की घटत्या रकमेवर? १ लाखावर ८ टक्के फ्लॅटने ४ वर्षांचा हप्ता २,७५० येतो. घटत्या रकमेच्या हिशेबाने हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो. दोन ठिकाणची तुलना करताना नेहमी लाखामागचा हप्ता आणि महिने विचारा, टक्के नकोत. गाडी स्वतःच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत आहे ना, ते बघा. पॅन देऊन दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लेखी दिलं की ट्रान्सपोर्टवाला भाड्यातून टीडीएस कापत नाही.

एक बोली मात्र धरूच नका. जुना मालक म्हणतो: "गाडी तू चालव, माझे राहिलेले हप्ते तू भर, फिटले की गाडी तुझी." नोटरीचा कागद होतो, आरसी त्याच्याच नावावर राहते. तुम्ही त्याला रोख पैसे देता, त्याने ते बँकेत भरले नाहीत तर गाडी टोलनाक्यावरून उचलली जाते आणि तुमचा कागद फायनान्स कंपनी बघतसुद्धा नाही. विमा त्याच्या नावावर, म्हणून नुकसानीचे पैसेही त्यालाच. जुनी गाडी घ्यायचीच तर एम-परिवहनवर बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद), टॅक्स, फिटनेस आणि थकलेली चलानं बघा. पैसे बँकेतून द्या, आणि त्याचं कर्ज असेल तर थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरसी नावावर चढेपर्यंत शेवटची मोठी रक्कम हातातून सोडू नका.

गाडीचा शेवटचा हप्ता फिटला की फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ लगेच घ्या, आरटीओत बोजा उतरवा आणि विमा पॉलिसीवरूनही कंपनीचं नाव काढून घ्या. ते नाव तसंच राहिलं आणि गाडी पूर्ण निकामी झाली, तर कर्ज फिटलेलं असूनही विम्याचा चेक आधी त्यांच्या नावाने निघतो.